माझ्या गालावरचा काजू

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. जन्मभर पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त केले. गळती असेल तर तिला कारण असणारच, हे माझं तत्त्व. पण माझ्या उजव्या गालावरच्या डागाबद्दल मी सगळ्यांना जे सांगत आलोय – "सौदीचं ऊन, दुसरं काय!" – ते खोटं आहे. आता वय झालं. एकदा खरं लिहून टाकतो.

आमची मुलगी मेधा सौदीत, अल-खोबरला असते. तिच्या बाळंतपणासाठी मी आणि माझी बायको सुमन तिकडे गेलो होतो. सुमनच्या दोन्ही गालांवर कित्येक वर्षांचा वांग. फोटोची वेळ आली की ही नेमकी चहा टाकायला आत! निदान नातीच्या बारशाला तरी आजी फोटोत हवी, म्हणून मेधाने हट्टाने तिला लेसर करायला लावलं. बारसं जावयांच्या सुट्टीसाठी लांबवलेलंच होतं.

डॉक्टरीणबाई इजिप्तच्या. त्यांनी बजावलं – ऊन नाही, तेल नाही, हात लावायचा नाही. खपल्या धरतील, त्या आपोआप पडू द्यायच्या. "ओढली तर काळा डाग... खलास!"

सुमनने सगळं पाळलं. मी नाही.

एका दुपारी ती बाळाशेजारी झोपली होती. मेधा बाहेर गेलेली. सुमनच्या उजव्या गालावरची एक खपली कडेने सुटून आली होती. आमच्या मालवणात सुक्या खपलीला खोबरेल लावतात. बाळाच्या मालिशची वाटी तिथेच होती... बोट बुडवलं, हलकेच फिरवलं – आणि खपली बोटाला चिकटून आली! खाली काजूच्या आकाराचा लालबुंद चट्टा.

खिडकीपाशी गेलो आणि देवधर्म न करणाऱ्या मी चक्क गाऱ्हाणं घातलं – "बा देवा म्हाराजा, जो काय डाग पडाचो आसा तो माझ्या तोंडार पडांदे, हिच्या नको रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. इथे कोण देणार? पण मागून अगदी स्पष्ट आलं – "व्हय म्हाराजा!"

वळून बघितलं. आजी-नात गाढ झोपेत. म्हटलं, सुमन झोपेत बरळली असेल.

उठल्यावर ती म्हणाली, "अहो, गाल झोंबतोय."

"झोपेत खाजवलंस वाटतं," मी म्हणालो.

"मेली माझी नखंच वैरी!" असं म्हणून तिने तिथेच नखं मुळापासून कापली. ते बघताना मला जे वाटलं, ते आजही जात नाही.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, डाग पडणार. पण डाव्या गालाच्या आधी उजवाच स्वच्छ झाला! आणि त्याच दिवसांत माझ्या उजव्या गालावर एक डाग उमटला. काळपट, काजूच्या आकाराचा.

"बाबा, कॉर्निशवर समुद्राकाठी फिरताना टोपी घालत जा म्हटलं होतं ना?" मेधा ओरडली. मी टोपीवर ढकलून मोकळा झालो.

बारशाला सुमन पाळण्यापाशी सगळ्यांच्या पुढे. "अहो फोटोवाले, माझा एकटीचा राहिला!" असं तिनेच म्हटलं.

परवा हे लिहायला घेण्याआधी तिला सगळं सांगून टाकलं. ती पोट धरून हसली. "खोबरेलाचा वास मला उठल्या उठल्या आला होता हो! म्हटलं बघू, हा माणूस कधी कबूल होतो."

"आणि नखं कापलीस ती?"

"तुमचं तोंड बघायला!"

"बरं, पण 'व्हय म्हाराजा' झोपेत म्हणालीस ना?"

तिचं हसू थांबलं. "नाही हो. वास उठल्यावर आला. गाऱ्हाणं आत्ता ऐकतेय."

कारण अजून सापडलेलं नाही. मेधा म्हणते, "बाबा, तुम्हीही लेसर करून घ्या, दोन मिनिटांचं काम." मी नको म्हणतो. इथून काढलेला डाग परत कुणाच्या गालावर जाऊन बसेल, काय सांगावं? माझ्याकडेच बरा आहे.