साईटवर टाका

स्वतःचा मूर्खपणा स्वतःच सांगायचा म्हटलं की त्यात तिखटमीठ घालावं लागत नाही. आहे तसाच तो पुरेसा चविष्ट असतो. चहा घ्या, सांगतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी मूळचा कऱ्हाटीचा. बिऱ्हाड बारामतीत आणि नोकरी ग्रामसेवकाची, इंदापूर तालुक्यातल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला लग्नाला बोलावतात. ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायतीचं दप्तर सांभाळणारा सरकारी माणूस. लोक त्याला भाऊसाहेब म्हणतात आणि नळाला पाणी आलं नाही की शिव्याही त्यालाच देतात.

एकदा इंदापूरला मीटिंग लागली. पुण्याहून साहेब आले होते. तरुण, टापटीप, शर्टाला एक सुरकुती नाही. मीटिंग नेमकी जेवणानंतर. वर पंखा घरघरतोय, साहेब पारदर्शक कारभारावर बोलतायत. माझे डोळे कधी मिटले, मला कळलंसुद्धा नाही!

कुणाची तरी खुर्ची करकरली आणि मी दचकून जागा झालो. साहेब म्हणत होते, "गावात जे काम झालं, त्याचा सगळा खर्च साईटवर टाकायचा. सगळ्या जगाला दिसला पाहिजे. नमुना म्हणून कुठलं गाव घ्यायचं?"

बाकीचे ग्रामसेवक जागे होते, म्हणून त्यांनी माना खाली घातल्या. माझी एकट्याची मान वर. साहेबांना वाटलं, हा तयार आहे.

"शाबास! महिनाअखेरपर्यंत सगळं साईटवर चढवा. जमेल ना?"

"चढवतो साहेब."

आता हसू नका. त्या वेळी आमच्या खात्यात साईट एकच होती. जिथं वाळू-खडीचा ढीग असतो, सिमेंट कालवतात आणि ठेकेदार सोडून बाकी सगळे हजर असतात, ती साईट! दुसरी साईट असू शकते हे मला कोण सांगणार? सांगितलं असेल तर ते मी झोपेत ऐकलं.

गावात आलो आणि सरपंचांना गाठलं. जालिंदरतात्या. भारदस्त माणूस, मिशीला पीळ, बोलणं मोजकं.

"तात्या, साहेबांचा हुकूम आहे. पाण्याच्या नव्या टाकीचा खर्च टाकीवरच लिहायचा. सगळ्या जगाला दिसेल असा."

"माझं नाव येतंय का त्यात?"

"सगळ्यात वर, तात्या."

"मग बारीक अक्षरात नगं. हायवेवरनं वाचता आलं पायजे."

झालं. हायवेवर ट्रकच्या पाठी रंगवणारा बबन पेंटर होता, त्याला बोलावलं. साहेबांचा शब्द 'चढवा' असा होता, म्हणून शिडी लावून त्याला थेट पाण्याच्या टाकीवर चढवला. मी खालून वाचत होतो, तो वर लिहीत होता. सिमेंट इतकं, वाळू इतकी, मजुरी इतकी, मोटर इतक्याची. मग उद्घाटनाचा मंडप, हार, फेटे आणि जेवण. ट्रक रंगवायची सवय, त्यामुळे बबनने शेवटी दोन पोपट आणि एक कमळाचं फूल फुकटात काढलं.

संध्याकाळपर्यंत टाकीखाली ही गर्दी! ज्याला वाचता येत होतं तो मोठ्यांदा वाचत होता, ज्याला येत नव्हतं तो पुन्हा वाचायला लावत होता.

हौसाबाई नावाची एक म्हातारी होती. रोज टाकीखाली हंडा घेऊन ताटकळणारी. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "भाऊसायेब, मोटरीपरीस जेवान म्हाग व्हय?"

"तसं दिसतंय खरं."

"तरीच. पानी वर चढंना आन् जेवान खाली उतरंना!"

लोक पोट धरून हसले. हायवेवरचे ट्रक हळू व्हायला लागले. एक ड्रायव्हर तर उतरून टाकीखाली आला आणि जेवणात काय काय होतं ते विचारून गेला.

तात्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पंचायतीच्या दारात.

"भाऊसायेब, पुसा ते."

"तात्या, वरचा हुकूम आहे."

"माझं नाव तरी पुसा!"

"तुम्हीच मोठं लिहायला सांगितलं होतं."

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्या अंगात साहेबांची ती शाबासकी भिनली होती. दप्तरात टाकीनंतरचं काम होतं ओढ्यावरची मोरी. मोरी म्हणजे ओढा ओलांडायचा लहान पूल. मी गावात नवा, आधीच्या ग्रामसेवकाच्या वेळचं ते काम. खर्च पूर्ण झालेला. म्हटलं, चला, त्या साईटवरही टाकू.

तात्या म्हणाले, "मोरीचं ऱ्हाऊ द्या."

"असं कसं? पारदर्शक कारभार आहे!"

बबन रंगाचा डबा घेऊन पुढं, मी मागं. ओढ्यावर गेलो तर मोरी दिसेना. वर गेलो, खाली गेलो. एका गुराख्याला विचारलं. तो म्हणाला, "कंची मोरी?" मग तोही शोधायला आला. थोड्या वेळाने अर्धं गाव ओढ्यात. कुणी बाभळी वाकवून बघतंय, कुणी वाळू उकरतंय. कुणाचा सोन्याचा डाग हरवला तरी एवढी माणसं जमत नाहीत!

हौसाबाई गुडघ्यापर्यंत लुगडं धरून पाण्यातून पलीकडून येत होती. मी ओरडून विचारलं, "आजी, हितली मोरी कुठं आहे हो?"

"मोरी?" ती पाण्यात उभी राहूनच म्हणाली. "आरं लेकरा, मोरी आस्ती तर मी हितं म्हशीवानी उभी ऱ्हायली आस्ती का?"

खरं सांगतो, त्या क्षणीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला एवढीच काळजी की साईट नाही, मग लिहायचं कशावर? शेवटी काठावर एक मोठा धोंडा होता, त्यावर बबनकडून लिहून घेतलं. मोरी, खर्च अमुक, काम पूर्ण. खाली ओढ्याकडे बाण.

त्यानंतर तात्या माझ्याशी बोलेनासे झाले. ठेकेदार मात्र धावत आला. लोक रोज त्या धोंड्याजवळ उभे राहून बाणाच्या दिशेने बघायचे, करणार काय? गुमान पाइप आणले, सिमेंट आणलं आणि मोरी बांधली. हौसाबाई पहिल्यांदाच कोरड्या पायांनी अलीकडे आली.

आणि मग साहेबांची जीप आली. सोलापूरकडे निघाले होते, हायवेवरून टाकी दिसली. उतरून ते बराच वेळ वर बघत राहिले. मी छाती काढून शेजारी उभा.

"हे काय आहे?"

"साईटवर चढवलंय साहेब. मुदतीच्या आत."

"पोपट कसले?"

"ते पेंटरने फुकट दिलेत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पोपट तिथंच होते.

"अहो, वेबसाइट! वेबसाइटवर टाकायचं होतं! कॉम्प्युटरवर!"

"पण साहेब, कॉम्प्युटर इंदापूरला. तिथं गावातलं कोण बघणार?"

"गावाला दाखवा असं मी कुठं म्हणालो? मी जगाला म्हणालो होतो!"

टाकी पुसली गेली. धोंड्यावरही चुना फासला. मला लेखी खुलासा मागितला आणि रंग, शिडी, पेंटरची मजुरी माझ्या पगारातून कापायचा हुकूम निघाला. म्हटलं, मिटलं एकदाचं.

काही महिन्यांनी पुण्याहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला. तो तिथं कॉम्प्युटरचा क्लास करत होता. शेजाऱ्यांकडे फोन होता, तो आमच्या हिने घेतला. ती धावतच घरी आली. "अहो, तुमचं नाव इंटरनेटवर आलंय! सगळ्या जगाला दिसतंय म्हणे!"

बारामतीत आमच्या गल्लीत तोवर कुणाचं नाव साध्या पेपरातही आलं नव्हतं. हिने घरोघरी साखर वाटली. समोरच्या वकिलीणबाईंना तर दोनदा दिली. रविवारी मेव्हणा ते पान कागदावर छापून घेऊन आला, तेव्हा निम्मी गल्ली आमच्या बाहेरच्या खोलीत बसलेली.

"वाच रे," ही म्हणाली. "मोठ्यांदा वाच."

तो घुटमळला. "दाजी, खरंच वाचू?"

"वाच की!" मीच म्हणालो.

त्याने घसा खाकरला. "टाकी, माहिती लवकरच. मोरी, माहिती लवकरच. निष्फळ खर्च, रंग व शिडी. कारण, ग्रामसेवकाचे अज्ञान. पुढं कंसात तुमचं नाव, दाजी. वसुली चालू."

वकिलीणबाई हळूच उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

ही मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेली. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण तिने साखरेच्या रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आता परत कशी मागायची हो?"