टायरचे गाल

आमच्या बस डेपोत तिला सगळे वहिनी म्हणायचे. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी होती, टायर विभागातल्या मिस्त्रीची. तो तिचा सख्खा धाकटा दीर. ती कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांसमोर "वहिनी, डबा विसरलात" अशी हाक मारली आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. तिच्या वडिलांच्या वयाचे ड्रायव्हर तिला वहिनी म्हणत, मॅनेजरही म्हणत. एकदा तर तिच्या नवऱ्यानेच डेपोत फोन करून "जरा वहिनींना बोलवता का?" असं विचारलं. त्यावरून तिने त्याला आठवडाभर चिडवलं होतं.

मी त्याच डेपोतला ड्रायव्हर. माझी बस वर्षानुवर्षं तिच्याच हातून धुऊन निघाली. त्यामुळे डेपोतलं सांगतो ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. घरातलं तेवढं तिच्या तोंडून ऐकलेलं.

तिचं काम बस धुण्याचं. उताराचा काँक्रीटचा चौथरा, दोन्ही कडांना जाळी टाकलेली गटारं, एका भिंतीला पाण्याची टाकी आणि खुंटीवर तिचे गमबूट. बस येऊन उभी राहिली की ती आधी चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवायची. मग टायरला उलटा हात लावून बघायची. गाडी लांबून आलेली असली आणि चाक तापलेलं असलं, की पाण्याला हातच लावायची नाही. "थंड होऊ द्या. टायर कुठे पळत नाही, मीही नाही," म्हणायची आणि तोवर काचा पुसायला घ्यायची.

टायरचे तिने दोन भाग केले होते. जमिनीला टेकतो तो तळवा आणि बाजूचा तो गाल. तळव्याला कितीही घासा, त्याचं कामच झिजायचं. गालाशी मात्र दांडगाई चालत नाही. गालाचं रबर पातळ, त्याच्या आत दोऱ्यांचं विणकाम आणि सगळी हवा त्या विणकामाच्या जिवावर तोलून धरलेली. हे तिला दिराने शिकवलं होतं, पण तिला ते पटलं नवऱ्यामुळे. नवरा शिंपी, घरच्या पुढच्या खोलीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. वरचं कापड धडधाकट दिसतं आणि आतली शिवण उसवलेली असते, हे तिने रोज बघितलं होतं.

सगळं नीट चाललेलं असताना आमच्याकडे नवा सुपरवायझर आला. माणूस वाईट नव्हता. तिशीचा, तडफदार, कामाला वाघ. पण सगळ्यांत आपल्यालाच जास्त कळतं अशी पक्की समजूत. त्याने आल्या आल्या जोरदार प्रेशरचं नवं मशीन मागवलं. मशीनबरोबर पाण्याची बंदूक आणि तिला लावायची चार तोंडं आली. रुंद तोंडाची धार पंख्यासारखी पसरायची. सगळ्यांत टोकदार तोंडातून मात्र सुईसारखी धार निघायची आणि ती भिंतीवर धरली तर गिलाव्याचा पापुद्रा निघायचा. साहेबांना नेमकं तेच आवडलं. वाळलेला चिखल त्या धारेने क्षणात उडायचा. टायर याच तोंडाने, अगदी जवळून धुवायचे, म्हणजे एका बसला दहा मिनिटं पुरतील, असा त्यांनी हुकूम काढला.

वहिनीने हुकूम ऐकला आणि तळव्याला ते तोंड लावलं. गालाला लावलं नाही. साहेबांनी कारण विचारलं, तिने सांगितलं. ते म्हणाले, पाण्याने कधी रबर कापलं जातं का? ती म्हणाली, पाण्याने डोंगर कापले जातात.

त्या मशीनचं मोठं खोकं साहेबांनी भंगारात टाकायला सांगितलं होतं. जाड पुठ्ठा नवऱ्याला कव्हरांचे साचे कापायला उपयोगी पडेल म्हणून तिने ते घरी नेलं. साचा कापताना नवऱ्याला तळाशी चिकटलेली माहितीपुस्तिका सापडली. कुणी उघडूनही पाहिली नव्हती. तिने ती शिलाई मशीनशेजारी बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. सासूबाई म्हणाल्या, "परीक्षेला बसतेस की काय?" ती म्हणाली, "साहेबांची घ्यायचीय."

पुस्तिकेत तिच्याच मनातलं छापलेलं होतं. टायर धुताना धार किमान हातभर लांब ठेवा, रुंद तोंड वापरा, धार एका जागी रोखू नका. टायरचा रंग एखाद्या ठिकाणी बदललेला दिसला तर तिथे इजा झाली असं समजा. एक गोष्ट मात्र तिला नवी होती. शेवटून दुसऱ्या पानावर हाताचं चित्र होतं. ही धार कातडीतून आत घुसू शकते. बाहेर फक्त टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आत घाण पसरते. अशा वेळी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा आणि कशाने झालं ते डॉक्टरांना सांगा. ते पान तिने दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी तिने दिराकडून एक मोडीत काढलेला टायर मागून घेतला. सगळ्यांसमोर ती पुस्तिका साहेबांच्या हातात दिली, मग टोकदार तोंड लावून धार टायरच्या गालापासून चार बोटांवर धरली आणि मनात पन्नासपर्यंत मोजलं. धार थांबली तेव्हा गालावर एक फिकट रेघ उठली होती. दिराने ती नखाने उकलली. आत दोरे दिसत होते.

साहेबांनी टायर फिरवून फिरवून पाहिला. म्हणाले, टायर जुनाट होता, नव्याला काही होत नाही. पुस्तिका त्यांनी चाळलीसुद्धा नाही, तशीच तिला परत दिली. तिने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून एप्रनच्या खिशात ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. मला म्हणाली, "ड्रायव्हरदादा, दाखवायचं ते दाखवलं. आता ते बघतील तेव्हा बघतील. माझ्या हातून मात्र गालाला ती धार लागणार नाही."

त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, माझी बस चौथऱ्यावर होती. मागच्या जोडचाकांच्या मधोमध एक दगड रुतून बसला होता. असा दगड तसाच राहिला तर दोन्ही टायर फाडतो. वहिनी सब्बल आणायला वळली तेवढ्यात साहेब आले. सब्बल कशाला, धारेने उडवतो, म्हणत त्यांनी बंदूक उचलली. हातात मोजे नाहीत, डोळ्यांना चष्मा नाही. धार मारली, दगड हलला पण निघेना. तेव्हा त्यांनी उजव्या हाताने बंदूक चालूच ठेवली आणि डाव्या हाताने दगड ओढायला गेले. दगड एकदम सुटला, हात घसरला आणि धार तर्जनीच्या पेरावरून निसटती गेली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हे झालं.

साहेबांनी बोट झटकलं आणि हसले. रक्ताचा एक थेंब, बस्स. सुई टोचल्यासारखा पांढुरका ठिपका. ते पुन्हा बंदूक उचलणार, इतक्यात वहिनीने मशीनचं बटण बंद केलं, पाणी बंद केलं, बंदूक जमिनीकडे धरून चाप दाबला आणि पाइपमधला उरलेला जोर काढून टाकला. हे सगळं तिने न धावता, न ओरडता केलं.

"साहेब, दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"वहिनी, एवढंसं तर आहे. पट्टी लावू."

"एवढंसं दिसतं तेच वाईट असतं. ड्रायव्हरदादा, डेपोची जीप काढा."

साहेबांनी आणखी दोन-चार वेळा नको नको केलं. तिने वाद घातला नाही. जीपचं दार उघडून धरून उभी राहिली. तिचा चेहरा पाहून तेही निमूट बसले. वाटेत तिने त्यांना हात छातीशी वर धरायला लावला, काही खाऊ-पिऊ दिलं नाही. कापायची वेळ आली तर पोट रिकामं लागेल, म्हणाली. कापायची, हा शब्द ऐकल्यावर साहेबांचा रंग थोडा उतरला.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्याने बोट पाहिलं, साधी जखम आहे, पट्टी बांधून सोडतो, म्हणाला. साहेबांना हायसं वाटलं. ते उठूही लागले. वहिनी गमबुटांसकट तिथेच उभी, खाली पाण्याचं थारोळं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ही टोचल्याची जखम नाही. प्रेशरच्या मशीनचं पाणी बोटात घुसलंय. त्यात साबण होता आणि टायरवर ग्रीस होतं. हाताचं ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही."

तिने पिशवीतून पुस्तिका काढून ते पान त्याच्यापुढे धरलं. मानलं पाहिजे त्या पोराला, त्याने कमीपणा मानला नाही. पान वाचलं, बोट पुन्हा दाबून पाहिलं. एव्हाना बोट ताठरलं होतं आणि पांढरं पडत चाललं होतं. त्याने फोन उचलला.

अर्ध्या तासात साहेब ऑपरेशनच्या टेबलावर होते. सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा दुपार झाली होती. घाण तळहातापर्यंत पोचली होती, म्हणाल्या. सगळी धुऊन काढली. उद्या आणलं असतं तर बोट वाचवायची खात्री देता आली नसती. मग त्यांनी विचारलं, यांना घेऊन कोण आलं? मी वहिनीकडे बोट दाखवलं. सर्जनबाईंनी तिच्या गमबुटांकडे पाहिलं आणि तिच्यासाठी खुर्ची मागवली. रुग्णालयात आल्यापासून वहिनी पहिल्यांदा बसली. बसल्यावर तिने पुस्तिका पुन्हा पिशवीत घालून खिशात ठेवली.

साहेब महिनाभर रजेवर गेले. मॅनेजरांनी धुलाईचं सगळं तिच्या हाती दिलं. तिने मशीन टाकून दिलं नाही. रुंद तोंड लावलं, बंदुकीच्या दांडीला हातभर लांबीची वेताची काठी बांधली आणि काठीचं टोक टायरला लागेल इतक्याच जवळ जायचं असा नेम घातला. एका हाताने काही ओढायचं असेल तर दुसऱ्या हातातली बंदूक आधी खाली. दिराने घड्याळ लावून बघितलं. पूर्वी ब्रशने पंचवीस मिनिटं लागायची, आता तेरा लागत होती.

साहेब परतले ते डाव्या हाताला पट्टा बांधून. बोट होतं, थोडं वाकडं, थोडं आखडलेलं. ते बराच वेळ चौथऱ्याच्या कडेला उभे राहून बघत होते. आभारबिभार काही नाही. शेवटी म्हणाले, "वहिनी, ते टोकदार तोंड कुठंय?"

"तुमच्या टेबलाच्या खणात. कुलूप लावलंय."

"आणि किल्ली?"

"भाऊजींकडे."

साहेबांना हसू आलं. वहिनी पुढे म्हणाली, "मशीन चांगलं आणलंत साहेब. मी नाही म्हणत होते ते त्या तोंडाला. मशीनला नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. उजव्या हाताने, स्वतः. बाकीच्या डेपोंतल्या धुलाईवाल्यांना आमच्या वहिनींनी शिकवावं असं त्यात होतं, आणि आपल्या बोटाचं काय झालं तेही, एक शब्द न लपवता.

बारा माणसं आली. घरी सासूबाई म्हणाल्या होत्या, "इथे आमच्यात तुझं कुणी ऐकत नाही, तिथे बारा जण ऐकणार?" पण जाताना त्यांनीच तिची साडी नीट खोचून दिली. बारांपैकी निम्मे वीस-वीस वर्षं गाड्या धुणारे. एकाने आल्या आल्याच बंदूक उचलली आणि आपण सात मिनिटांत बस धुतो, असं सांगितलं.

वहिनीने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "धुवाल हो. पण आज पाणी बंद आहे," ती म्हणाली. "बंदूक खाली ठेवा आणि या इकडे. दुपारपर्यंत आपण फक्त टायर बघायचे."

तो जरा घुटमळला. मग बंदूक ठेवून, पँट गुडघ्यापाशी वर ओढून, तिच्या शेजारी चाकासमोर उकिडवा बसला. बाकीचे अकरा जण त्याच्या मागोमाग.