सुतळीला उरलेली एक गाठ

त्या दिवशी सकाळी आठलाच पत्रे तडतडायला लागले होते. आभाळ पांढरं पडलेलं. वारा होता, पण भट्टीचं दार उघडल्यासारखा. नगरपंचायतीसमोरच्या ओट्यावर बूड टेकवायची सोय नव्हती. नानांनी पेपर अंथरला, मी टॉवेल.

किस्से अशा ओट्यावरच साचतात. हापिसात आत कागद साचतात, बाहेर किस्से! कागदांना निदान वाळवी लागते. किश्शांना तीही लागत नाही.

मी पस्तीस वर्षं या गावाला पाणी सोडलं. म्हणजे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचं आणि रस्त्याखालचे व्हॉल उघडायचे, बंद करायचे. मला सगळे आबा म्हणतात. अक्षरं मी नोकरी संपल्यावर शिकलो. त्यामुळे सावकाश लिहितो, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

तर त्या दिवशी भिंतीवर नवी नोटीस लागली होती. नाना भुसावळला रेल्वेत होते, त्यांना मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी वाचली. ज्यांची पाणीपट्टी थकली, त्यांचे नळ सोमवारी तोडणार. ज्याचा नळ तुटला, त्याचं नाव नव्या पाइपलाइनच्या यादीत येणार नाही. आणि खाली, शनिवारी सभा आहे, नागरिकांनी सुधारणा सुचवाव्यात.

"आधी कोणाचे तोडणार?" मी विचारलं.

"शेवटच्या गल्लीचे. बठ्ठे, एकूण एक," नाना म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

शेवटची गल्ली म्हणजे माझीच!

* * *

आमच्या गल्लीनं पट्टी भरली नाही, हे खरं. पण अकरा वर्षं आमच्या नळाला पाणीच नाही. हापिस म्हणतं, खाली पाइप फुटला असेल. मीही तेच म्हणत आलो.

माझ्या शेजारी इंदूअक्का राहते. एकटी बाई, दोन्ही गुडघे गेलेले. वरच्या गल्लीतून रोज दोन हंडे आणते. शिपाई तिला नोटीस द्यायला आला, तेव्हा मी दारातच होतो.

"तोडा ना नळ!" अक्का म्हणाली. "पण आधी तोटी फिरवा. एक थेंब पडला तर आत्ता पट्टी भरते!"

शिपायानं तोटी फिरवली. आतून कोळी निघाला.

शिपाई गेल्यावर अक्का माझ्याकडे वळली. "आबा, गावाला पाणी पाजलं तुम्ही. शेजारणीच्या वेळेला चावी गंजली का हो?"

ती हे दर महिन्याला म्हणायची. पण त्या दिवशी हसली नाही.

* * *

ओट्यावर सुधारणांची तयारी सुरू झाली. नानांचं आधीच ठरलेलं.

"राज्य टाइमटेबलवर चालवा! प्रत्येक अर्जाला नंबर. प्रत्येक टेबल म्हणजे एक स्टेशन. अर्ज किती लेट आहे, ते बाहेर बोर्डावर!"

किराणावाले शेठजी शेजारी कोकम सरबत पीत बसले होते. "आणि अर्ज मध्येच कुठं उभा राहिला तर, नानासा?"

"सिग्नल नाही म्हणायचं!"

"ते तर आत्ताही म्हणतात!"

* * *

शेठजींची सुधारणा दुकानातली होती. "मी साखर देतो तर काटा गिऱ्हाइकाकडे फिरवून देतो. सरकारनं टॅक्सच्या पावतीवर तसं छापावं. इतका दिव्याला गेला, इतका रस्त्याला, इतका पाण्याला. बघा, लोक आपणहून भरतील!"

"झकास!" नाना म्हणाले. "आणि तुमचा काटा कोण तपासतं?"

शेठजींनी ग्लास खाली ठेवला. "तो विषय शनिवारच्या सभेत नाही."

मग दोघांनी मला विचारलं, "आबा, तुमची सुधारणा?"

मी म्हणालो, "जमिनीखाली काय पुरलंय, ते कोणीतरी लिहून ठेवावं."

दोघं हसले. मीही हसलो. शुक्रवारपर्यंत मला त्यात हसण्यासारखंच वाटत होतं.

* * *

आता सुतळीचं सांगतो.

मला लिहिता येत नव्हतं, म्हणून चावीला मी एक सुतळी बांधली होती. व्हॉल बंद केला की गाठ मारायची, उघडला की सोडायची. गाठ माझी दुहेरी, डावीकडे वळवलेली. सगळं गाव त्या सुतळीवर, शेवटच्या टोकाला आमची गल्ली! निवृत्तीच्या दिवशी क्लार्कनं रजिस्टरात लिहिलं, चावी नग एक. सुतळी कापून माझ्या हातात दिली. "ही घाण घेऊन जा, आबा."

घरी तिला भाकरीची दुरडी टांगली. उंदरांपासून बरं असतं.

शुक्रवारी दुपारी ती झिजून तुटली. दुरडी पडली. जोडायला सुतळी हातात घेतली, आणि शेवटच्या टोकाला बोटाला गाठ लागली. दुहेरी. डावीकडे वळलेली.

मी सुतळी उजेडात धरली.

दुष्काळाचं साल होतं. आमच्या गल्लीला टँकर सुरू झाला, तेव्हा साहेब म्हणाले, "तुमचा व्हॉल महिनाभर बंद ठेवा, वर प्रेशर मिळेल." मी बंद केला, गाठ मारली. मग मला टायफॉइड झाला. मुलीकडे धुळ्याला पडून राहिलो, तापात ती गाठ डोक्यातूनच गेली, परतलो तो निवृत्तीलाच. माझ्या जागी दुसरा माणूस, त्याची चावी दुसरी. तो व्हॉल त्याला कोणी दाखवलाच नव्हता. पुढं वरून सिमेंटचा रस्ता झाला.

पाइप फुटलाच नव्हता. मी बंद केला होता.

पिठाच्या गिरणीसमोर जाऊन उभा राहिलो. तिच्या उंबऱ्यापासून सात पावलांवर व्हॉल, एवढं आठवत होतं. तिथं सपाट सिमेंट. समोरून अक्का हंडे घेऊन आली, एक डोक्यावर, एक कडेवर.

"उन्हात काय शोधताय, आबा?"

"काही नाही," मी म्हणालो.

* * *

शनिवारच्या सभेत मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याधिकारी, होत्या. जळगावच्या, मेहरूणकडच्या. वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी नानांचं टाइमटेबल लिहून घेतलं, शेठजींची पावतीही घेतली.

मी उठलो. "मॅडम, माझी सुधारणा नाही. चूक आहे." आणि सुतळी टेबलावर ठेवली.

सगळं सांगितलं. मागं अक्का बसली होती. मी तिकडं बघितलं नाही.

क्लार्क हसला. "सुतळीच्या भरवशावर नवा रस्ता फोडायचा?"

मॅडम हसल्या नाहीत. "आणि तिथं काही निघालं नाही तर, आबा?"

"तर सोमवारी पहिला नळ माझा तोडा."

* * *

रविवारी ब्रेकर आला. अख्खी गल्ली रिकामे हंडे घेऊन उभी. मी उंबऱ्यापासून सात पावलं मोजली आणि टाच टेकवली. मशीननं तिथं फोडलं. एक फूट, दोन फूट. नुसता मुरूम!

"आबा, गाडी लेट आहे का?" नाना म्हणाले. कोणी हसलं नाही.

क्लार्कनं घड्याळ बघितलं. ब्रेकरवाल्यानं मशीन बंद केलं. मी पुन्हा उंबऱ्याशी गेलो, पुन्हा मोजली. तीच सात. पुन्हा त्याच खड्ड्यापाशी आलो. खाली माझ्या पायांकडे बघितलं, आणि तेव्हा ध्यानात आलं. ती सात पावलं चावी खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाची होती. आता माझं पाऊल आखडलंय!

"आणखी दोन पावलं पुढं," मी म्हणालो.

तिथं झाकण वाजलं.

चावी लावली तर व्हॉल हलेना. शेठजींनी टोपी काढून ठेवली, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला नाना, मधे मी. एकदम किंचाळला आणि सुटला. मी आटे मोजत फिरवत गेलो. मग चावीच्या दांड्याला कान लावला. खाली पाइप गुरगुरत होता.

थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाकडून ओरडा आला, "पानी उनं! पाणी आलं!"

सगळे तिकडं पळाले. मी गेलो नाही. खड्ड्याच्या काठावर बसून सुतळीची गाठ सोडवत होतो. अकरा वर्षांत ती इतकी घट्ट झाली होती की नखाला दाद देईना.

अक्का आली. गुडघे धरत, सावकाश. हातात तांब्या. तिनं तो माझ्यापुढं ठेवला. आत पाणी होतं, गंजानं लालभडक.

ती म्हणाली, "घ्या आबा. हे अकरा वर्सांचं पानी शे. आजचं मागून येईल."