दादाची रुजवण

मुलुंडला माझं कुंड्या-रोपांचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात केली, गाळा स्वतःच्या हिमतीवर घेतला, आणि भावात मला आजवर कोणी गुंडाळलेलं नाही. दादाला ज्या पुनर्वसन केंद्रात ठेवलं होतं तिथे पेशंटांसाठी बागकामाचा उपचार सुरू होणार म्हटल्यावर मी लगेच माझ्या मातीचा भाव सांगितला. त्यांनी माती ऑनलाइन मागवली. काथ्याचा भुसा आणि वर रंगीत पिशवी. मी ऑफिसात जाऊन भांडले. मग गप्प बसले, कारण दादा त्यांच्या ताब्यात होता.

दादा माझ्याहून मोठा. वडील गिरणीत होते. एकालाच शिकवणं परवडणारं होतं, ते त्याला शिकवलं. तो सरकारी कचेरीत लागला. मी स्टेशनबाहेर हातगाडीवर रोपं विकायचे तेव्हा तो संध्याकाळी समोरच्या फुटपाथने जायचा, कारण सोबत कचेरीतली माणसं असायची. घरी आल्यावर मात्र विचारायचा, "विक्री झाली काय गो?" हे मी विसरलेले नाही. पुढे वहिनी गेली, मूलबाळ नव्हतं, आणि पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्याला उचलून न्यायला मीच होते. उजवी बाजू गेली होती.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. हात थोडा तरी चालला, धरून का होईना उभा राहिला, तर घरी न्या. अंथरुणालाच खिळला तर फार दिवस निघणार नाहीत. मला त्याला घरी आणायचं होतं. आतली खोली रिकामी केली, संडासात धरायला दांड्या बसवून घेतल्या. माया म्हणा, नाहीतर हट्ट म्हणा. त्याने माझ्या घरात राहावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगावं की ही माझी बहीण, असं मला वाटत होतं.

पण तो व्यायामच करेना. रबरी चेंडू दिला की तोंड फिरवायचा. भोकात खुंट्या घालायला दिल्या तेव्हा जड जिभेने मला म्हणाला, "माका काय बालवाडीत घातलंस?"

त्याला हलवलं ते थेरपिस्ट बाईंनी. बोरीवलीची तरुण मुलगी, बारीक अंगाची, न थकणारी. गच्चीवर व्हीलचेअर खाली जाईल एवढ्या उंचीची टेबलं मांडून तिने मातीचे ट्रे ठेवले होते. दादाचा डावा हात तिने मातीत घातला, मग उजवा उचलून शेजारी ठेवला. तो त्याने काढला नाही. रोज तेच. माती मोकळी करायची, मेथी पेरायची, उगवली की खुडायची. एके दिवशी मी समोर असताना त्याचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकलं. मधे मेथीचा एक दाणा होता. तो लगेच पडला, पण पडलेला दाणा दादा शोधत राहिला. मी जिन्यात जाऊन डोळे पुसून आले आणि त्याच्यावर खेकसले, सगळी माती अंगावर सांडतोस म्हणून. तो हसला. तोंडाची एकच बाजू हसली.

मग नवरात्र आलं. बाईंना कल्पना सुचली की सगळ्यांकडून धान्य पेरून घ्यायचं. चार दिवसांत उगवतं, अधू हातालाही टाकता येतं, आणि म्हाताऱ्या माणसांना ते आपलं वाटतं. प्रत्येकाला मातीचं एकेक वाडगं, त्यावर नावाची चिठ्ठी, आणि सगळी वाडगी खिडकीत ओळीने. मला ते आवडलंच. तिच्या घरी घट बसतो, माझ्याही घरी बसतो. घटाखालच्या मातीत उगवणाऱ्या धान्याला आमच्या कोकणात रुजवण म्हणतात. तरीही दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की घरात रुजवण एकच असते, सगळ्या घराची मिळून. दाट आली तर वर्ष चांगलं. विरळ आली तर लक्षण वाईट, मग जो तो मनात काहीतरी समजूत करून घेतो आणि ती सगळ्यांत वाटली जाते. इथे आम्ही प्रत्येकाला त्याच्या एकट्याच्या नावाची रुजवण दिली होती.

दादाने हट्टाने उजव्या हाताने पेरलं. दाणे पसरता आले नाहीत, एका कडेला ढीग पडला. पाणीही मीच घालणार म्हणाला. तांब्या निसटला आणि सगळं पाणी वाडग्यात गेलं. आयाने थोडं ओतून काढलं आणि सगळे जेवायला गेले.

बाकीच्यांचं उगवलं. घाटकोपरच्या एका गुजराती आजींचं तर असं आलं की त्या दिसेल त्याला हाताला धरून दाखवत होत्या. दादाचं आलं नाही. ढिगातले दाणे फुगले, मग काळे पडले आणि वास यायला लागला. शेजारच्या पलंगावर देवगडचे एक गृहस्थ होते. त्यांनी एकदा दादाच्या वाडग्यात वाकून पाहिलं आणि आपलं वाडगं उचलून खिडकीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. दादाने ते पाहिलं.

त्या दिवसापासून तो जेवेना आणि गच्चीवर जाईना. केंद्रातून फोन आला म्हणून मी दुकान टाकून गेले, तर त्याच्या नावाच्या वाडग्यात बोटभर उंचीचे कोंब, सगळीकडे सारखे. बाईंनी दाखवण्यापुरतं एक जास्तीचं वाडगं पेरलं होतं, त्याला त्याची चिठ्ठी लावली होती.

दादा म्हणाला, "ह्यां माजां नाय."

मी बाईंना बाहेर नेलं आणि मजला ऐकेल इतकं बोलले. माल बदललेला गिऱ्हाइकाला कळतो आणि मग ते तुमच्या खऱ्या मालालाही हात लावत नाही, तुम्ही त्याला मूर्ख समजलात, असं सगळं. ती म्हणाली, "मावशी, त्यांना बरं वाटावं म्हणून केलं हो." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ऑनलाइन मातीचं तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं.

मग दादाजवळ बसले आणि घासाघीस सुरू केली. मला तेवढंच येतं. म्हटलं, पाणी जास्त झालं, दाणे कुजले, कोणाचेही कुजले असते. उद्या माझ्या दुकानातली माती आणते, तू परत पेर, दसऱ्यापर्यंत बघ कसं वर येतं ते. तू फक्त रोज उभा राहा, मी तुला दसऱ्याला घरी नेते. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"रुजवण परत घालतत काय गो?" तो म्हणाला.

नाही घालत. घट बसला की बसला. मीही आयुष्यात कधी परत घातलेली नाही आणि ते त्याला माहीत होतं. मग माझा पारा चढला. म्हटलं, "चार कुजके दाणे तुला खरे वाटतात, आणि मी खोटी?"

"तू गप ऱ्हव," तो म्हणाला. "माका म्हायत हा."

दसऱ्याला केंद्रात आपट्याची पानं वाटली आणि सगळ्यांच्या कानांवर कोंब खोवले. बाईंनी आजींच्या वाडग्यातले दोन कोंब घेऊन दादाच्या कानावर ठेवले. दादाने उजवा हात उचलला. झटक्यानंतर तो हात खांद्यापर्यंतही कधी गेला नव्हता. तो सावकाश कानापर्यंत गेला, अंगठा आणि बोट जुळलं, कोंब निघाले आणि त्याने ते ताटाच्या कडेला ठेवले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांना बोलावून सांगितलं, तेही खूश झाले, आणि त्या जोरावर मला त्याला घरी न्यायची परवानगी मिळाली. त्या हाताने नक्की काय केलं याकडे कोणी पाहिलं नाही.

तो माझ्या घरी आला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला. उभं राहा म्हटलं तर डोळे मिटायचा. मी रागावले, विनवलं, मेथीचा ट्रे उशाशी आणून ठेवला. त्याचा हात उचलून मातीवर ठेवला की तिथेच राहायचा, मी परत उचलेपर्यंत. थंडी पडायच्या आत तो गेला.

बाराव्याला गावाहून चुलत वहिनी आली होती, दादाच्या वाडग्याचं तिच्या कानावर गेलं होतं. पानं मांडता मांडता ती सगळ्यांदेखत म्हणाली, "रुजवणीन आदीच सांगल्यान हुतां." बायकांनी माना डोलावल्या. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, रुजवणीने काही सांगितलं नव्हतं, पाणी जास्त झालं होतं. जेवला असता, उभा राहिला असता, तर आज इथे बसला असता.

ती माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "मगे तेची कुसली आणि तुजी कशी दाट इली?"

त्या वर्षी माझ्या घरचा घट खरंच दाट आला होता, कधी नव्हे इतका. मी पाणी बेताने घालते म्हणून, असं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भात वाढायला घेतला.