बँकॉकमधली मुकी बा

परदेश मी एकदाच पाहिला, तोही फुकट. सुरतच्या पर्वत पाटिया भागात आमचं लेसचं दुकान आहे, साड्यांना लावायची लेस. आमचे हे ज्या शेठकडून माल घेतात, त्याने स्कीम काढली होती: वर्षभर भरपूर माल उचला आणि जोडीने बँकॉकला चला. आम्ही उचलला. त्यातली निम्मी लेस अजून माळ्यावर पडून आहे.

तिथल्या बसमध्ये सगळे सुरतचेच व्यापारी, पण एकमेकांना अनोळखी. स्वयंपाकाला महाराजही बरोबर आणलेला, म्हणजे विमानात बसून एवढ्या लांब जायचं आणि खिचडी-कढीच खायची. त्याचंही काही नाही. डोक्यात गेला तो एकच माणूस.

त्याचं सुरतजवळ पलसाण्याला कापड रंगाईचं युनिट होतं आणि शेठची एजन्सी मिळवायला तो जिभल्या चाटत होता. गळ्यात जाड चेन, तोंडात अखंड गुजराती. शेठ हसायच्या आधी हा हसायचा. बरोबर बायको आणि वरचे पैसे भरून आणलेली म्हातारी आई. आईला तो सगळ्यांदेखत ‘बा’ म्हणायचा आणि ती बिचारी कधीच वळून बघायची नाही. बाला ऐकू येत नाही, असं तो सांगत फिरायचा. मला पहिल्याच दिवशी शंका आली. तिला गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे पदर घेऊन दिला होता आणि ती तो सारखा डावीकडे ओढत होती.

तिसऱ्या दिवशी राजवाडा बघायला नेलं. ऊन मरणाचं. हा शेठबरोबर फोटो काढण्यात गुंग, बायको खरेदीत. म्हातारी एका कट्ट्यावर बसली होती, चेहरा पांढराफटक. बायका जमल्या, बा, शुं थयुं, म्हणून विचारू लागल्या. गाइड पोरगी इंग्रजीत विचारू लागली. म्हातारी ओठ घट्ट मिटून सगळ्यांकडे बघत राहिली. कपाळाचा घाम पुसायला तिने हात वर केला, तेव्हा बांगड्या मागे सरल्या आणि मनगटावरचं गोंदण दिसलं. तसंच माझ्या आईच्या हातावर होतं.

मी तिच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, “काय व्हयनं, माय?”

तिने आधी मुलगा कुठे आहे ते पाहिलं. मग पुटपुटली, “चक्कर यी ऱ्हायनी. पन तो बोलू नको म्हने.”

तिच्या बीपीच्या गोळ्या त्याच्या बॅगेत होत्या. सकाळी नाश्त्याला शेठ त्यांच्याच टेबलावर बसला होता. गोळी मागायची म्हणजे तोंड उघडायचं आणि तोंड उघडलं की बाहेर आमची खानदेशातली अहिराणीच येणार. म्हणून तिने मागितलीच नाही. अशा पोराला काय म्हणायचं? मला तर शिवीही कमी वाटली. मी तिथूनच हाका मारून त्याला बोलावलं. तो धावत आला आणि गोळी काढायच्या आधी मला बाजूला घेऊन शुद्ध मराठीत म्हणाला, “ताई, तुम्ही कोणाला काही सांगितलं नाही ना?”

“आधी गोळी दे,” मी म्हणाले. शरम नाही ती नाहीच.

गोळी, पाणी, पंखा झाला. थोडा रंग आल्यावर तिने मला पाठीवर हात ठेव म्हणून सांगितलं, अहिराणीतच, आणि नेमका शेठ मागे उभा होता. पोरगा काळाठिक्कर पडला. पण शेठला केवढा आनंद! त्याच्या सुरतजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यातले जुने मास्तर, म्हणजे मुख्य कारागीर, खानदेशचेच, लहानपणी त्यांच्याच घरी जेवायचो, असं सांगत तो म्हातारीच्या पायाच पडला. म्हणजे खानदेशी असल्याचं कळलं तर एजन्सी हातची जाईल, या ज्या भीतीपोटी आईला मुकी केली, ती सगळी याच्या डोक्यातच होती.

आणि हा बहाद्दर! क्षणात खानदेशी झाला. शेठसमोर आईच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “माय, शेठजींना आपल्या अहिराणीत काहीतरी बोलून दाखव ना.”

म्हातारीने पदर डाव्या खांद्यावर नीट घेतला आणि तोंड फिरवलं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्याशेजारी येऊन बसली. गावाच्या, सुनांच्या, पापडांच्या गोष्टी सांगता सांगता तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मध्येमध्ये तो पाण्याची बाटली घेऊन यायचा. तो आला की ती गप्प. तो गेला की पुन्हा सुरू.