जाळीचे ठसे

एनिड पॉबजॉयनं एकतीस वर्षं गावचं टपाल सांभाळलं, आणि त्या एकतीस वर्षांत एकही पाकीट फोडलं नाही. फोडायची गरजच पडत नसे. पाकिटाचं वजन, तिकीट चिकटवायची तऱ्हा, पत्ता लिहिताना थरथरलेला हात, एवढ्यावरून ती आतला मजकूर सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. टपाल कचेरी बंद झाली तेव्हा नेदर ऑलकॉम गावानं सुटकेचा श्वास सोडला, पण जरा घाईनंच सोडला. कचेरी एनिडच्या बैठकीच्या खोलीत होती. कचेरी गेली, खिडकी राहिली, आणि खिडकीमागे एनिडही राहिली. चर्चला जाणारा, दुकानात जाणारा आणि 'नांगर' पबमध्ये जाणारा, तिघांनाही त्या खिडकीसमोरूनच जावं लागतं.

बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिचा फक्त कशावरच विश्वास बसत नसे. पाद्रीबुवांनी प्रार्थना लवकर आटोपली, तर टीव्हीवर क्रिकेट असणार. शेजारणीनं फुलं आणून दिली, तर ती कुठल्यातरी थडग्यावरची असणार. नवरा हॅरल्ड झोपेतच शांतपणे गेला तेव्हासुद्धा तिनं डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं, "नक्की ना?"

गावात एकाच गोष्टीवर तिनं कधी संशय घेतला नाही. ती गोष्ट म्हणजे थेल्मा टकेटचा केक.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी मैदानावर मोठा तंबू लागतो. घेवड्याच्या शेंगा, कांदे, गुलाब, मुरंबे सगळं टेबलांवर मांडलं जातं, पण चषक एकाच गोष्टीसाठी: साधा स्पंज केक. दोन चकत्या, मध्ये रास्पबेरीचा जॅम, वर चिमूटभर बारीक साखर. क्रीम नाही, नक्षी नाही. ज्याच्या नावावर केक त्याच्याच हातचा हवा, आणि माथा गुळगुळीत हवा. केक भट्टीतून काढला की भांडं उपडं करून तो तारेच्या जाळीवर निवायला ठेवतात. नुसता ठेवला, तर तारा ऊन केकच्या माथ्यात रुततात आणि रेघा उमटतात. म्हणून आधी जाळीवर फडकं अंथरायचं. आमच्याकडे पोरींना हे आधी शिकवतात आणि रस्ता ओलांडायचं मग.

चोवीस वर्षं थेल्मा पहिली आणि एनिड दुसरी. दोघी शाळेत एका बाकावरच्या, त्यामुळे हरणं जास्तच झोंबायचं. आणि दरवर्षी निकाल लागला की थेल्मा तंबूतून वाट काढत यायची, एनिडच्या दंडावर हात ठेवायची आणि म्हणायची, "वाईट वाटून घेऊ नकोस, एनिड. पुढच्या वर्षी जमेल."

ते वाक्य एनिड वर्षभर चावत बसायची. मटार सोलताना चावायची, आंघोळीला बसल्यावर चावायची. आपण जिंकायचं आणि थेल्माच्या दंडावर हात ठेवून तेच वाक्य तिला ऐकवायचं, एवढी एकच इच्छा तिच्या आयुष्यात उरली होती. आवाज कसा लावायचा हेसुद्धा ठरलेलं होतं.

पंचविसाव्या वर्षी ती जिंकली.

दोन वाजता तंबूचा पडदा उघडला, आणि तिच्या केकला लाल पट्टी टेकवलेली होती. थेल्माच्या केकला काहीच नाही, तिसरा नंबरही नाही. शेजारी परीक्षकबाईंची चिठ्ठी होती: "चव उत्तम. माथ्यावर जाळीचे ठसे." एनिडनं वाकून पाहिलं. पाच रेघा होत्या, स्पष्ट आणि सरळ.

तिनं वळून थेल्माला शोधलं. थेल्मा पडद्यापाशी होती, पण तिचा नवरा क्लेम तिचं कोपर धरून तिला बाहेर नेत होता. थेल्मानं मागे वळूनही पाहिलं नाही. तयार ठेवलेलं वाक्य एनिडच्या तोंडातच राहिलं.

चषक तिनं घरी आणला. सोमवारीच गाडी धरून बाजारच्या गावी गेली आणि चोवीस वेळा कोरलेल्या 'टकेट'खाली 'पॉबजॉय' कोरून घेतलं. चषक खिडकीत ठेवला. आणि मंगळवारपासून तिची झोप उडाली.

"डॉरीन, थेल्मानं जाळीवर फडकं टाकलं नाही," ती 'नांगर'मध्ये येऊन म्हणाली. डॉरीन पबची मालकीण. दुपारची वेळ होती आणि ती ग्लास पुसत होती.

"विसरली असेल गं."

"तू भट्टीतला केक काढायला विसरतेस?"

"कधीकधी."

"म्हणूनच तुझा तिसरासुद्धा येत नाही."

"एनिड, बाई गं, जिंकलीस ना? मग आता तरी हसून दाखव. तुझं तोंड बघून माझी बिअर आंबेल."

पण एनिडला हसू येईना. थेल्मा टकेट फडकं विसरणं शक्यच नव्हतं. मग ठसे मुद्दाम उमटवलेले असणार. कशासाठी? आपल्याला जिंकू देण्यासाठी! गावभर म्हणता यावं, बिचारी एनिड, म्हातारी झाली, एकदा मिळू दे तिला. या विचारानं ती अशी पेटली की तिनं चषक खिडकीतून काढून कपाटात टाकला.

मग तिनं पाळत ठेवायला सुरुवात केली. थेल्मा आता एकटी दुकानात येत नव्हती. साखर आणि लोणी क्लेम न्यायचा, तेही दर आठवड्याला, आणि क्लेमनं जन्मात मेंढ्यांखेरीज कशाला हात लावलेला नव्हता. चर्चमध्ये तो थेल्माला भिंतीकडे बसवायचा आणि स्वतः वाटेच्या बाजूला बसायचा. दर गुरुवारी टकेटांच्या गल्लीत केकचा वास यायचा, कधी कधी करपल्याचाही. म्हणजे काय, नवराबायको मिळून काहीतरी शिजवतायत! पुढच्या वर्षासाठी नवी कृती असणार. किंवा केक बाहेरून आणतात आणि वास लोकांना फसवायला. एनिडनं दोन्ही शक्यता तपासायचं ठरवलं.

निमित्त हाताशी होतं. ईस्टरपासून थेल्माचा एक डबा तिच्याकडे पडून होता. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तिनं त्यात आल्याची बिस्किटं भरली, कारण रिकामा डबा परत करणं बरं दिसत नाही, आणि निघाली. रस्त्यानं नाही. रस्त्यानं गेलं तर कुत्रं भुंकतं. ती चर्चमागच्या कुंपणावरून चढून मेंढ्यांच्या माळातून गेली, चिखलात एक बूट अडकला तो उपसला, ब्लॅकबेरीच्या काट्यांनी मोजे फाटले, आणि पासष्टी उलटलेली ती बाई टकेटांच्या मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याआडून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोचली. काचेला नाक लावून तिनं आत पाहिलं.

क्लेम थेल्माचा फुलांचा एप्रन बांधून उभा होता. तराजूच्या एका पारड्यात त्यानं कवचासकट चार अंडी ठेवली होती आणि दुसऱ्यात तो लोण्याचे तुकडे टाकत होता, एक टाकायचा, अर्धा काढायचा. थेल्मा चुलीवरच्या फळीपाशी उभी होती. फळीवरच्या वस्तू ती एकेक हलवून पाहत होती.

"क्लेम, चषक कुठाय? घासायचा राहिलाय."

"नाव कोरायला दिलाय गं."

"कुणाचं नाव?"

"तुझंच. दुसऱ्या कुणाचं असणार?"

थेल्मा खुर्चीत बसली. जरा वेळानं उठली, फळीपाशी गेली, घड्याळ उचलून त्यामागे पाहिलं.

"क्लेम, चषक कुठाय?"

"नाव कोरायला दिलाय गं," क्लेम म्हणाला. आवाज तसाच, लोणी मोजणंही तसंच.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा एनिडच्या हातातून डबा निसटला. खुराड्यातल्या कोंबड्यांनी एकच कालवा केला आणि क्लेम मागच्या दारात आला.

"एनिड. पुढे दार आहे आम्हाला."

"किती दिवस चाललंय हे?"

क्लेमनं पिठाचे हात एप्रनला पुसले. "तिसरं वर्ष. पहिली दोन वर्षं ती शेजारी उभी राहून सांगायची. हे घाल, ते घाल, आता हात आवर. यंदा नुसती बघत बसली. मला वाटलं, आलं आपल्याला सगळं. त्या रेघा म्हणजे चूक, हे मला चिठ्ठी वाचून कळलं."

एनिडनं मनात हिशेब मांडला. "म्हणजे आधीची दोन वर्षं मी तुझ्याकडून हरले?"

"दिसतंय तसं."

"मेंढ्या राखणाऱ्याकडून!"

"लोणी चांगलं होतं तेव्हा," क्लेम ओशाळून म्हणाला. मग आवाज खाली आणून बोलला, "कमिटीला सांगायचं तर सांग. नियम तुझ्या बाजूनं आहे. पण चोवीस वर्षांचं नाव पुसतील ते, आणि तिच्याजवळ आता तेवढंच..."

तेवढ्यात थेल्मा दारात आली. केस नीट विंचरलेले होते, ब्लाउजची बटणं एकाआड एक चुकलेली. तिनं एनिडकडे नीट, सभ्यपणे पाहिलं.

"टपाल आलंय का?"

"नाही," एनिड म्हणाली. "आज काही नाही."

"बरं," थेल्मा म्हणाली आणि आत गेली.

एनिडला लाज वाटली, आणि लाजेची तिला सवय नव्हती. धरलेलं कोपर, भिंतीकडची जागा, क्लेमच्या पिशवीतली साखर, सगळं तिनं पाहिलं होतं. गावात तिच्याइतकं कुणीच पाहिलं नव्हतं. आणि त्यातून तिनं काय काढलं, तर नवी कृती! तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण समोर क्लेम होता आणि पायाशी बिस्किटं टिपणाऱ्या कोंबड्या.

"जाळीवर आधी फडकं अंथरायचं, क्लेम," ती म्हणाली. "सुती. धुतलेलं. आणि केक ठेवताना बूड खाली."

"बूड खाली," क्लेम म्हणाला.

चषक मात्र तिनं लगेच दिला नाही. खोटं कशाला बोला? सहा दिवस तो पुन्हा खिडकीत ठेवून ती त्याच्यासमोर बसली. त्यावर तिचं नाव होतं आणि ते खरं होतं. पंचवीस वर्षांनी मिळालं होतं. सातव्या दिवशी तिनं अंड्यांची टोपली घेतली, तळाशी चषक ठेवला, वर फडकं टाकलं, आणि या वेळी रस्त्यानं गेली. टकेटांच्या फळीवर तिनं चषक ठेवला तो 'पॉबजॉय' भिंतीकडे करून. थेल्मा उठली, एक चिंधी घेतली आणि घासायला लागली. त्या हिवाळ्यात एनिड दर गुरुवारी तिकडे जात राहिली, आणि डॉरीननं 'नांगर'मध्ये सगळ्यांना सांगितलं की एनिड टकेटांची कृती चोरतेय.

ऑगस्टात पुन्हा तंबू लागला. दोन वाजता पडदा उघडला. थेल्मा टकेटच्या नावाच्या केकचा माथा तळ्यासारखा सपाट होता आणि त्याला लाल पट्टी होती. एनिडच्या केकला निळी, दुसऱ्या नंबरची. शेजारी चिठ्ठी: "याहून हलका केक मी खाल्लेला नाही. पण माथ्यावर जाळीचे ठसे."

"एनिड पॉबजॉय आणि जाळीचे ठसे?" डॉरीन केकवर वाकून म्हणाली. "छे! इथे काहीतरी पाणी मुरतंय."

"विसरले," एनिड म्हणाली.

"तू?"

"का? तूच विसरायचंस का फक्त?"

गर्दीतून क्लेम येत होता. थेल्मा त्याच्या हाताला धरून होती, निळ्या हॅटमध्ये, वर्षभरात निम्मी झालेली. केक तिनं पाहिले न पाहिल्यासारखे केले. लाल पट्टीकडे तिचं लक्षच नव्हतं. एनिडसमोर आल्यावर मात्र ती थांबली. क्लेमचा हात तिनं सोडला आणि एनिडच्या दंडावर ठेवला, नेहमीच्या जागी.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली, आणि अडली. तिचे ओठ हलले. काहीतरी पुढे होतं, ते सापडेना.

"एनिड," एनिड म्हणाली.

"वाईट वाटून घेऊ नकोस, एनिड," थेल्मा म्हणाली. "पुढच्या वर्षी जमेल."