फोटोतलं काळं कुंकू

आमचे हे लढाईवर गेले ते बंदूक घेऊन आणि परत आले ते कॅमेरा शिकून. ब्रह्मदेशाच्या जंगलात पलटणीबरोबर फिरायचं आणि लढाईचे फोटो काढायचे, हे त्यांचं काम. निपाणीकडं माझ्या माहेरी मी हे सांगितलं, तर तंबाखूच्या वखारीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "गोळ्या चालल्यात आनि तुझा दाल्ला म्हनतोय, जरा हिकडं बघा?" मीही हसले. मला तरी कुठं काय ठाऊक होतं.

परत आल्यावर ह्यांनी बेळगावला कॅम्पात एक खोली भाड्यानं घेऊन फोटोचं दुकान काढलं. लढाईतला एकही फोटो त्यांच्यापाशी नव्हता. काढलेली फिल्म तशीच वर पाठवायची, धुणारे वेगळे, छापणारे वेगळे. आपण काय काढलं ते काढणाऱ्याला दिसायचंच नाही म्हणे. एकच फोटो त्यांनी पाहिला होता, फौजेच्या कुठल्याशा छापील पत्रकात. त्यांच्या तुकडीतला मुलगा झाडाला टेकून बसलेला, सदरा रक्तानं भिजलेला. पण छापताना ते रक्त काळं आलं, चिखलासारखं. आणि खाली लिहिलेलं काय, तर लांबच्या चालीनंतर विसावा घेणारा जवान. "तो त्या संध्याकाळपर्यंतसुद्धा राहिला नाही," एवढंच मला म्हणाले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

तेव्हापासून त्यांनी एक नेम धरला होता. फोटोवर नंतर हात फिरवायचा नाही. लोक यायचे, कुणाला गोरं व्हायचं असायचं, कुणाला देवीचे वण घालवायचे असायचे. हे म्हणायचे, "जसं आहे तसं येईल. नको असेल तर बाजारात दुसरी दुकानं आहेत." मग माणसं खरंच तिकडं जायची, आणि मी पडद्यामागं कपाळाला हात लावून बसायची.

अशात खानापूरकडच्या एका खेड्यातली म्हातारी सुनेला घेऊन आली. लढाई संपली होती, पण तिचा मुलगा अजून पलटणीबरोबर मलायात अडकलेला. अंगाची हळद उतरायच्या आत रजा संपून गेलेला तो. आता त्यानं कळवलं होतं, बायकोचा चेहरा आठवायला बसलो तर नीट आठवत नाही, तेवढा फोटो पाठवा. म्हातारी हे सांगत होती आणि सून आपली फरशीकडं बघत होती. मी तिची वेणी सारखी केली, ठसठशीत कुंकू लावलं आणि ह्यांनी फोटो काढला.

पुढच्या बाजाराला दोघी फोटो न्यायला आल्या. म्हातारीनं तो हातात घेतला आणि तिचं तोंड उतरलं.

"ह्ये काय? बुक्का लावलायसा व्हय माझ्या सुनंला?"

कुंकू काळंभोर आलं होतं. आणि आमच्याकडं तेव्हा काळा बुक्का लावायच्या त्या नवरा गेलेल्या बायका.

हे म्हणाले, "मावशी, बुक्का नव्हे. फोटो आधी काचेवर उतरतो, आणि ह्या काचेला लाल दिसतच नाही. लाल असेल ते काळं येतं. म्हणून तर आत फोटो धुताना मी लाल दिवा लावतो."

"तुमच्या काचंला दिसत न्हाय, तर माझ्या ल्योकानं काय समजायचं?"

"त्याला ठाऊक असेल की."

"आनि त्याच्या मनात पाल चुकचुकली म्हंजे? माझा ल्योक जिता हाय बाबा. ह्यो फोटो मी तिकडं धाडनार न्हाय."

सून हळूच म्हणाली, "आत्ती, धाडू या की. त्यास्नी तोंडच तर बघायचंय."

"तू गप गं. कपाळ काय तोंडाभायेर असतंय?"

ह्यांनी आपला एक तोडगा काढला. "पुन्हा काढतो. कुंकू पुसायचं, त्या जागी पांढरं गंध लावायचं आणि..."

पुढचं बोलणं राहूनच गेलं. म्हातारी ताडकन उठली. सुनेनं कपाळावर तळहात धरला, कुणी हिसकावून नेणार असल्यासारखा. एवढी लढाई बघून आलेला माणूस, पण ह्या बाबतीत अगदीच अडाणी. मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं आणि म्हटलं, "अहो, मग फोटोवरच लाल रंग भरून द्या की."

"काळ्यावर लाल चढत नाही. काचेवर सगळं उलटं असतं, तिथं पेन्सिलीनं ती जागा काळी केली तर फोटोत फिकट येते. मग रंग." मग म्हातारीकडं वळून मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, मी हातानं काही घालत नाही. ते खोटं होतं."

म्हातारीनं विचारलं, "पोरीच्या कपाळाला कुंकू लाल हाय का काळं?"

"लाल."

"मग काळं दावतोय त्यो फोटो खरा कसा? खोटं तर तुमी आदीच काढलंयसा. आता खरं करून द्या."

हे उठले. फोटो घेऊन दाराशी उजेडात गेले आणि तिथंच उभे राहिले. काय आलं असेल मनात? तो झाडाला टेकलेला मुलगा आला असेल, असं मला वाटतं. परत येऊन म्हणाले, "बसा थोडं," आणि काच घेऊन खिडकीशी बसले. पेन्सिलीला टोक काढून काढून त्या तिळाएवढ्या जागेवर हलकं हलकं गिरवत राहिले.

नवा फोटो छापून, वाळवून आणला तोवर दुपार टळली होती. कपाळावर फिकट वाटोळं तेवढं. लाल रंगाचा ब्रश माझ्या हातात देत म्हणाले, "तू लाव. कुंकू लावायची सवय तुला आहे."

मी श्वास धरून लावलं.

म्हातारीनं फोटो लांब धरून बघितला. "बारीक लावलंयस गं."

"आत्ती," सून म्हणाली.

"असू दे. लाल हाय न्हवं."

रंग ओला होता, लगेच टपालात टाकता येईना. दोघी दुकानाच्या पायरीवर बसल्या. त्यांना घरी न्यायची लोंढ्याकडची गाडी गेली, तरी उठल्या नाहीत. सुनेनं फोटो दोन्ही हातांवर आडवा धरला होता आणि म्हातारी पदरानं वारा घालत होती. जाणारा-येणारा वाकून बघायला लागला की ती हातानं मागं सारायची.

"लांबनं बघा. वाळू दे. लई लांब जायाचं हाय त्याला."